वरातीचा घोडा आणि चिखलदऱ्याचं तट्टू

आमच्या घराण्यात नवरदेव घोड्यावरूनच मांडवात जातो, आणि मी बुटका आहे. नवरी माझ्याहून चार बोटं उंच. तिच्या आत्यांनी साक्षगंधातच त्यावर कुजबुज केली होती आणि ती मला नीट ऐकू आली होती. लग्नात तरी कोणी हसू नये, एवढीच माझी इच्छा होती.

मामांनी उपाय काढला. "घोडा असा उंच आनतो, का तुही उंची कोनाले समजलीच नाही पाह्यजे." अमरावतीहून टेम्पोत घालून त्यांनी वरातीचा पांढरा, धिप्पाड घोडा चिखलदऱ्याला आणला. दोघांनी मिळून मला वर चढवलं.

नवरीचं घर खाली, कॉफीच्या बागेत. वाट अरुंद, उताराची, नुसत्या धोंड्यांची. डांबरी रस्त्यावर वाढलेल्या त्या घोड्यानं एक लांब टांग टाकली, ती दोन धोंड्यांच्या मध्ये गेली, आणि दुसरी कुठे टाकावी हे त्याला सुचेना. मागे वळावं तर त्याच्या लांबीला वाट पुरेना. त्याला धीर यावा म्हणून मामांनी बँड वाजवायला लावला. घोडा वरातीचा, तो उतारावरच नाचू लागला. मी आयाळ धरून सगळ्या देवांना हाका मारत होतो. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

शेवटी नवरीचे काका खालून तट्टू घेऊन आले. एरवी ते पर्यटकांना फिरवायचं. "जावईबापू, याच्यावर बसा. हे रोज इथूनच चढते-उतरते." मामांचं तोंड पडलं. मला घोड्यावरून उतरवून तट्टूवर बसवलं. तट्टू लहान लहान पावलं टाकत, धोंडे चुकवत, बाजेएवढ्या जागेत वळत मला आरामात खाली घेऊन गेलं.

मांडवाच्या दारात आत्या उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "काहून वो, पोरगा तर चांगला उंच दिसून राहिला." दिसणारच. माझे पाय जमिनीला टेकायला आले होते. त्या धिप्पाड घोड्यावर मी पिंपावर ठेवलेल्या वाटीएवढा दिसलो असतो, हे मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग उतरावं लागलं. आत्यांची कुजबुज पुन्हा सुरू झाली.

हार घालायला मी टाचा उचलल्या, तर नवरीनं आधीच मान खाली केली होती.

"टाचा टेकवा," ती हळूच म्हणाली, "नाही तर मामा पुन्हा घोडा आनतीन."