चोवीस कप, सोळा माणसं

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. फक्त हातातला चहा संपवून मग हसा, कारण गोष्ट चहाचीच आहे आणि कप मी केलेले आहेत.

चंदिगडच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा सिरॅमिकचा कारखाना आहे. आमचा म्हणजे, मी तिथे कामाला आहे. बाबांची बदली इथे झाली तेव्हा मी नुकतीच आर्ट कॉलेजमधून बाहेर पडले होते. पहिले सहा महिने उस्तादजींनी मला ग्लेझ, म्हणजे भांड्यांना चकाकी देणारा लेप, चाळणीनं गाळायला बसवलं. उस्तादजी म्हणजे करनैल सिंग, चाळीस वर्षं चाकावर. माणूस मायाळू, पण आवाज असा की ‘चाय पिएगी?’ एवढं विचारलं तरी माझ्या हातातून काहीतरी पडतं.

एक दिवस ओळखीच्या देशपांडे काकू कारखान्यात आल्या. काका हवाई दलात, बदली निघालेली. जाण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहाला बोलवायचं होतं. सेटमधला उरलेला एकुलता एक कप पुढे करून म्हणाल्या, “अगदी याच मापाचे चोवीस. आणि हिच्याच हातचे हवेत हं.”

उस्तादजींनी माझ्याकडे पाहिलं. “ठीक है पुत्तर, तू बना. अच्छे बने तो चाक तेरा. नहीं तो वापस छलनी.”

त्यांनी कप मोजला, बांबूची मापकाठी करून मला दिली, कप काकूंना परत केला आणि पुतण्याच्या लग्नाला आठवडाभर गावी निघून गेले.

आता नीट ऐका. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. आठ बोटांचं भांडं भट्टीतून सात बोटांचं होऊन येतं. म्हणून घडवतानाच ते मोठं घडवायचं. ही वाढ काठीत धरलेली होती का? विचारायला हवं होतं. तीनदा फोन हातात घेतला, पण पलीकडून तो आवाज येणार या विचारानंच ठेवून दिला. शिवाय मनात आलं, उस्तादजी जुन्या वळणाचे, त्यांनी कप जसाच्या तसा मोजला असणार. वाढ धरायची ती आपण शिकलेल्यांनी. म्हणून मी हिशेब करून दुसरी, मोठी काठी कापली.

चाळीस वर्षं चाकावर बसलेल्या माणसाला माती आक्रसते हे ठाऊक नसेल, असं मला वाटलं. कॉलेजचं शिक्षण, दुसरं काय.

पण कप काय झाले होते म्हणून सांगू! चोवीसच्या चोवीस एकसारखे, रंग मोरपंखी, कान असे की बोट आपोआप आत जावं. भट्टी उघडली आणि मला रडूच आलं. थोरला किती थोर आहे हे शेजारी धाकटा उभा असल्याशिवाय कळत नाही. इथे सगळेच थोरले होते.

चहाच्या दिवशी मी ट्रे घेऊन मिरवत होते. काकूंनी जुन्या कपानं मोजून चोवीस कप चहा टाकला होता. सोळावा कप भरला आणि पातेलं संपलं. बाहेर आठ माणसं चहाची वाट बघत हसतमुख बसलेली.

काकूंनी जुना कप नव्या कपात ठेवला. तो आत जाऊन आरामात बसला.

“हे काय गं?”

“माती, काकू,” मी म्हटलं. उस्तादजींच्या काठीत वाढ आधीच होती, मी ती पुन्हा धरली होती. डोळ्यांसमोर चाळणी दिसत होती.

तेवढ्यात शेजारच्या गिल आंटी चहा संपवून रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरातच आल्या. “मिसेज देशपांडे, तीन साल से आपके घर आ रही हूँ. आज पहली बार पेट भर के चाय मिली जी. ये कप किसने बनाए? मुझे बारह चाहिए, पक्का यही साइज.”

काकूंनी दुसरं आधण ठेवलं.

उस्तादजी परतल्यावर दोन्ही काठ्या त्यांच्यापुढे ठेवून मी सगळं कबूल केलं. ते असे हसले की माझ्या हातातली बादली पडली. मग डोळे पुसत म्हणाले, “माप नूं छड्ड, माप को छोड़. चौबीस के चौबीस एक जैसे? चाक तेरा.”

चाक माझं! त्या दिवशी मी घरी चालत नाही, तरंगत गेले. दुसऱ्या दिवशी गिल आंटींच्या बारा कपांसाठी त्या नव्या चोवीसांतला एक कप नमुन्याला काकूंकडून आणला, अगदी बारकाईनं मोजला, स्वतःची काठी केली आणि कुणालाही न विचारता बसले चाकावर.

भट्टी उघडली. उस्तादजींनी नवा कप उचलला, नमुन्याच्या कपात ठेवला. तो आत जाऊन आरामात बसला.

आनंदाच्या भरात माती आक्रसते हेच मी विसरले होते. काकूंना हवे होते त्या जुन्या मापाचे कप अखेर तयार झाले, आणि त्या बाराच्या बारा सामानात बांधून घेऊनही गेल्या.

“पुत्तर,” उस्तादजी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “एक गलती थी, वो भी दुबारा ठीक से नहीं हुई?”

चाक अजून माझंच आहे. मापकाठी मात्र उस्तादजी स्वतःच्या खिशात ठेवतात.