आत्यांचा डावा डोळा

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या पापणीचे केस आत वळले होते. उजवा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, आणि उरलेल्या डाव्या डोळ्याला ते केस दिवसभर टोचायचे. केजमधल्या आमच्या गल्लीत त्यावर एकच इलाज माहीत होता, चिमट्यानं केस उपटायचे. ते काम माझ्याकडे होतं. आठवड्यातून एकदा पायरीवर उन्हात बसायचं, आत्यांचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि एकेक केस ओढायचा. माझा हात हलका म्हणून शेजारच्या बायकाही यायच्या. मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू?

एका आठवड्यात तो डोळा लाल झाला. एखादा केस राहिला असेल म्हणून मी पुन्हा चिमटा घेतला. आत्या कळवळल्या, तर वर मीच खेकसले, "हलू नका म्हणलं ना!" दोन केस मधूनच तुटले. मी कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला आणि माझं धाबं दणाणलं. मिळेल त्या एसटीनं आम्ही बीडचा डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पापणी उलटवून बराच वेळ पाहिलं.

"केस तुटून खुंट राहिलेत. त्यांनीच बुबुळाला जखम केलीय. कुणी उपटले?"

उरलेला एकच डोळा गेला तर नणंदा काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल, हेच आधी मनात आलं. आत्यांचा विचार नंतर आला, याची लाज आजही वाटते.

"म्याच उपटले," आत्या म्हणाल्या. "आरशात बघून."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागद पुढं केला. आजच्या आज पापणीचं ऑपरेशन करून तिची कड बाहेर वळवायची, नाहीतर जखम चिघळत जाणार. एवढं करूनही नजर किती राहील ते सांगता येत नव्हतं. मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

आत्यांना जागेपणीच आत नेलं, पापणीपुरतीच भूल देणार होते. मी बाहेर बाकड्यावर बसले. दार उघडलं की उठायचे, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायचे. आतून एकदा त्यांचं "आई गं" ऐकू आलं आणि मी कानांवर हात ठेवले. त्या बाहेर आल्या तेव्हा अर्धा चेहरा पट्टीखाली होता. ती रात्र आम्ही दवाखान्यातच काढली.

सकाळी पट्टी काढली. सुजलेल्या पापणीला काळे टाके होते. डॉक्टरांनी दोन हात अंतरावर बोटं धरली.

"किती?"

आत्या पुढं वाकल्या.

"तीन. जरा धुरकट हायत, पण तीनच."

मला रडू फुटलं. "डॉक्टर, केस मी उपटले होते," मी म्हणाले. "त्यांनी नाही."

"गप बस," आत्या चिडल्या. "तुला कुनी इचारलं?"

डॉक्टर कुणालाच रागावले नाहीत. त्यांनी थेंबांची बाटली पुढं केली. दर तासाला एक थेंब, टाक्यांना धक्का लावायचा नाही. मी मागं सरकले. "नर्सबाईंनाच घालू द्या," म्हणाले. त्या डोळ्याजवळ पुन्हा हात न्यायची माझी हिंमत नव्हती.

आत्यांनी मान मागं टाकली, तोंड माझ्याकडं वळवलं आणि टाके घातलेली पापणी जमेल तेवढी उघडली.

"घाल की. कावून थांबलीस?"

मी बाटली हातात घेतली. बाटलीचं तोंड डोळ्यावर आलं तरी त्यांनी डोळा मिटला नाही.