शीडमास्तरांनी फळी का सोडली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटबंधारे खात्याला अर्ज दिला की, कालव्याचे दार उघडण्यापूर्वी धरणावरचा भोंगा वाजलाच पाहिजे. दसऱ्यानंतर स्मरणपत्र दिले. कोजागिरीनंतरच्या रविवारी भोंगा न वाजवता दार उघडले आणि शीडमास्तर गेले. जबाबदार तिघे: भोंग्याची दुरुस्ती अडवणारे अभियंता, दार उघडण्याचा आदेश देणारे त्यांचे वरिष्ठ आणि चौकशी अहवालावर सही करणारे अधिकारी.

मास्तर दुसरबीडचे. गोव्याच्या किनाऱ्यावर ते पर्यटकांना विंडसर्फिंग शिकवत. परतले ते शीड लावायच्या दोन जुन्या फळ्या घेऊनच. धरणाच्या तलावाकडे पाठ करून ते उभे राहत आणि मानेवर वारा घेत. "वारा पाहू नका, मानेले इचारा," असे सांगत.

न्यायालयातून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे शिकू लागलो. दर रविवारी तेच: फळीवर उभे राहायचे, दोर ओढून शीड पाण्यातून उचलायचे, पडायचे. मी ताठ उभा राहिलो की काठावरून आवाज येई, "आबा, वाऱ्याले नोटीस बजावून राह्यले का? गुडघे वाकवा." दोन पावसाळ्यांनंतर एकदाचा पलीकडच्या काठाला लागलो. मास्तर शेजारून आले आणि एवढेच म्हणाले, "आता वापस चला. जाणं कोनालेबी जमते."

काहीही झाले तरी फळी सोडायची नाही, हा त्यांचा एकमेव नियम. काठावरच्या पत्र्यावर तो त्यांनी स्वतः रंगवला होता. त्या रविवारी वारा अचानक पडला. शिकायला आलेल्या एका शिक्षिकेची फळी दाराच्या ओढीत सापडली. वाऱ्याविना शीड म्हणजे नुसते ओझे. मास्तरांनी आपली फळी सोडली, पोहत जाऊन बाईंची फळी धरणाच्या दगडी उताराकडे ढकलली. बाईंच्या हाती दगड लागला. मास्तरांना मात्र पाण्याने दारापुढच्या जाळीशी दाबून धरले. अंगात जॅकेट होते. त्याचा उपयोग झाला नाही.

अहवाल म्हणतो, मयताने स्वतःच लिहिलेला नियम मोडला. भोंग्याचा त्यात उल्लेखही नाही.

मी अजून रविवारी पाण्यात उतरतो. शीड उचलताना मागे कुणी उभे असल्याचे जाणवते. मी वळून पाहत नाही. वारा नसला की फळी सावकाश दाराकडे तोंड करते. दार बंद असते. ते मी आधी स्वतः पाहून आलेलो असतो.

उपरोक्त तिघांनी दुसरबीडच्या भर बाजारात, मास्तरांच्या आईसमोर उभे राहून सांगावे की भोंगा का वाजला नाही. उत्तर तोंडी हवे. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही.