ग्रामीण साहित्याच्या मेळाव्यात आई

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नरखेडकडच्या आमच्या गावातून नागपूरला कॉलेजात आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘मले पुस्तक पाह्यजे’ म्हणालो आणि मागचे बाक हसले. मग मी बोलणंच कमी केलं.

त्याच वर्षी वाचनालयातल्या एका मासिकात एक कथा सापडली. विहिरीवरची मोटर बंद पडते आणि नवरा-बायको थेट आमच्या बोलीत भांडतात. ‘मले’ आणि ‘तुले’ छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ग्रामीण साहित्याची चळवळ जोरात आहे, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं, की हसणाऱ्यांचंच काहीतरी चुकलं होतं. मग मिळेल तिथून तसल्या कथा आणून वाचायला लागलो.

दिवाळीत गावी गेलो, तर शेजारच्या गावच्या शाळेत ग्रामीण लेखकांचा मेळावा होता. आईला अक्षरओळख नव्हती, त्यातून संत्र्याचा तोडा चालू. लेखकांचं बोलणं आपल्याला काय कळणार, म्हणून ती नाहीच म्हणत होती. मी हट्टानं नेलं.

दुपारी एक लेखक कथा वाचायला उभे राहिले. सून माहेराहून उशिरा परतते आणि सासू दारातच तिला अडवते. सासूचा आवाज काढून त्यांनी दरडावलं, “काहून वं, आता आली घरी?” आणि पान उलटायला थांबले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई म्हणाली, “एस्टी भेटली नसंन तिले. पहिले पाणी तं दे.”

पटांगण हसलं. मी मान खाली घातली. पण लेखकही हसत होते. कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “मावशी, सासूनं पाणी देल्लं तं माही गोष्ट पुढं कशी जाईन?”

“जाईन ना,” आई म्हणाली. “पाणी पिऊन मंग भांडतीन.”

लेखकांनी मनापासून मान डोलावली. पुढं सासूचं वाक्य आलं, की ते आधी आईकडे पाहायचे, आणि ती पदराआड हसायची.

त्यानंतर कितीतरी साहित्यप्रवाहांबद्दल वाचलं, थोडंफार लिहिलंही. पण जीव जडला तो याच चळवळीवर. माझ्या आईला मध्येच बोलता यावं, अशी जागा मी दुसऱ्या कुठल्या साहित्यात पाहिली नाही.

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं बाबांना कथा सांगितली. तिच्या कथेत सासूनं गडवाभर पाणी देऊन मगच तोंड सोडलं. बाबांनी जेवता जेवता विचारलं, भांडणात जितलं कोण?

“ते आयकाले तुमाले यावं लागते,” ती म्हणाली.

पुढच्या मेळाव्याला बाबा नवी टोपी घालून आमच्या आधी तयार होते.