दवावरचा वाल

आमच्याकडे वालाला पाणी देत नाहीत. भात कापलं की जमिनीत ओल असतानाच वाल टाकायचा आणि मग दवावर सोडून द्यायचा. थंडीत पडतं तेवढं दव त्याला पुरतं. खोपोलीपासून खालापूरपर्यंत हे पोराटोरांनाही ठाऊक होतं, बाबांना तर होतंच. तरी माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वर्षी त्यांनी वालाला पाणी दिलं, आणि तेही माझ्यासाठी.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वरच्या अंगाला एक कारखाना नुकताच उभा राहिला होता. तिथलं वापरलेलं पाणी टाक्यांत निवळवून, औषध घालून आमच्या ओढ्यात सोडायचे. शुद्ध केलेलं पाणी आहे, खुशाल शेताला घ्या, असं तिथला एक माणूस गावात येऊन सांगून गेला होता. पाणी दिसायलाही स्वच्छ. जरासं कोमट आणि कडेला थोडा फेस, एवढंच. दिवाळीनंतर आटणारा ओढा आता वाहताच राहिला. बाबांना आकाश ठेंगणं झालं. त्यातच मी माहेरी येतेय आणि मला पोपटीचे, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचे, डोहाळे लागलेत, असा निरोप त्यांना गेला होता. लेकीला भरघोस शेंगा मिळाव्यात म्हणून या भल्या माणसाने पाट खणून वालाला पाणी सोडलं. "वालाला पानी? उद्या कोंबडीला दूध पाजाल!" असं आई म्हणाली म्हणे. पण बाबा ऐकतील तर शपथ.

मी आले तेव्हा वाल गुडघ्याच्या वर गेला होता, हिरवागार. बाबा मला बांधावरून मिरवत घेऊन गेले. जवळून पाहिलं तर पानांच्या कडा करपलेल्या आणि ढेकळांवर पांढरी खार फुटलेली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "थंडीनं झालंय गं." खोटं बोलताना बाबांचा हात कानाकडे जायचा. तो गेला. मला हसू आलं आणि मी विषय सोडून दिला.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, मीठ, ओवा, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या रचून बाबांनी जाळ केला. थोड्या वेळाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते चर्र करून उडून गेले, म्हणजे पोपटी झाली. मी पदर पसरून बसले होते. पहिली शेंग नेहमी माझी असायची. त्या दिवशी बाबांनी ती स्वतःच्या तोंडात टाकली. चावली. मग दुसरी. आणि त्यांनी सगळं मडकं निखाऱ्यांत उपडं केलं.

"अवो, येड लागलं काय?" आई ओरडली. "पोर डोहाळ्याची हाय!"

"कच्ची राह्यली," बाबा म्हणाले.

ती कच्ची नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मला इतका राग आला की मी घरात जाऊन चक्क रडले. बाबा मागून आले, उंबऱ्यावर बसले. "कडू हाय गं," म्हणाले. "पानी नाय मानवलं त्याला. तुला नाय देनार मी."

दुसऱ्या दिवशी शिळफाट्याचा बाजार होता. त्याच वालाच्या शेंगांची पोती दाराशी भरून ठेवलेली, टेंपो यायचा होता. सकाळी बाबा पोत्यांची तोंडं शिवायला बसले, तशी आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "आपल्या पोरीला चालत नाय. मंग शिळफाट्यावरनं जी घेऊन जाईल ती कोनाची पोर नाय का?"

बाबांनी सुई खाली ठेवली. टेंपो रिकामा गेला. त्यांनी परसात खड्डा खणून शेंगा पुरल्या, मग आठवडाभर एकट्याने सगळा वाल उपटला. बैलांनाही त्यातलं पान दिलं नाही. घरचं बी गेलं. ठाकुरवाडीकडची एक ओळखीची बाई तांदूळ घेऊन डोंगरउताराचा वाल देऊन गेली, माझे डोहाळे तिच्या वालावर पुरले. मला मुलगी झाली.

बाबांनी पाट बुजवला. भाताची त्यांना धास्ती नव्हती, ते पावसाच्या पाण्यावर वाढतं म्हणायचे. पुढच्या थंडीत त्यांनी मागून आणलेलं बी टाकलं आणि दवावर सोडलं. पण शेंगा आल्यावर एक लहानसं मडकं लावलं आणि परसात एकटेच बसून खाल्लं. आम्हाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माझी लेक चालायला-बोलायला लागली होती. ती त्यांच्या गुडघ्याला लोंबकळून म्हणायची, "आबा, मला." ते तिला हळूच बाजूला करायचे. "थांब गं बाय. आदी आबाला काय होतंय का बघू."

मी तोवर इकडचं तिकडचं वाचून शहाणी झाले होते. मातीत मुरलेलं असलं काही एका माणसाने चार शेंगा खाऊन कळत नसतं, वर्षानुवर्षं कळत नाही, असं मी त्यांना बजावून सांगितलं. जरा चढ्या आवाजातच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली शेंग सोलली.

"मंग दुसऱ्या कशानं बघू?" ते म्हणाले. "माज्याकडं माजंच पोट हाय."

मी खाली बसले आणि त्यांच्या पुढ्यातली एक शेंग उचलली. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि शेंग काढून घेतली.