टँकरचा ऑइल पंप
तापलेल्या इंजिन ऑइलचा वास आला, की लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हाच्या दुष्काळातला आमचा पाण्याचा टँकर आठवतो. त्याचं जुनं इंजिन खोलून आम्ही जळकोटच्या रस्त्याकडेला, उन्हात, पुन्हा बांधत होतो. ऑइल पंपाचे नवे गिअर बसवल्यावर मिस्त्रीने पंपात आधी हाताने तेल भरलं. “कोरडा पंप ओढत न्हाई, आधी पाजावं लागतंय,” तो म्हणाला. रेडिएटरला मात्र पाणीच नव्हतं. शेजारच्या घरातली बाई पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन आली. “घ्या, पर पयली खेप माझ्या दारात आली पायजे.” मी हो म्हणालो. इंजिन सुरू झालं, ऑइलचा दाब दाखवणारी सुई वर चढली आणि थकलेल्या मिस्त्रीने तिथेच मातीत अंग टाकलं. मी टँकर घेऊन नेहमीच्या विहिरीवर गेलो, तर तळाला नुसता चिखल. परतलो तेव्हा बाई दारातच उभी होती. तिने माझा चेहरा बघितला. घागर उंबऱ्याशी पालथी घातली आणि आत गेली. ते इंजिन पुढे कित्येक वर्षं चाललं. जुने ड्रायव्हर अजून त्याचं कौतुक करतात. मी बिडी पेटवतो आणि विषय बदलतो.