उस्मानमास्तरांचा अंगठा

कुणाशी हात मिळवला की उस्मानमास्तर तो लगेच सोडत नसत. समोरच्याच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा हळूच चाचपून विचारत, "काय काम करता?" पहिल्या दिवशी त्यांनी माझाही हात असाच तपासला. खरं तर तपासायची मी होते. फिजिओथेरपिस्ट मी, पेशंट ते.

आमच्याच शहरातल्या नवी पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. जन्मभर कापड बेतण्यात गेलेला हात. स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मोठी कात्री काही चालेना. मी त्यांना मऊ चेंडू दिला. अंगठा आणि बोटांच्या टोकांत धरून दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. दुखलं तर थांबायचं.

"दाबल्यानं आत काय होतं?" त्यांनी विचारलं. मी चित्र दाखवलं. लगेच खिशातला खडू काढून त्यांनी माझ्या टेबलावर सगळे स्नायू उतरवले. "म्हंजे आंगठा एकटा न्हाय. मागं लई मोठी फौज हाय की!"

महिन्याभरात पकड चांगली सुधारली. कात्री मात्र वीतभर कापड कापून अडायची. "सून म्हणती, आता घरी बसा," मास्तर म्हणाले. मलाही मनातून तसंच वाटू लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते कात्रीच घेऊन आले. "मॅडम, तुमी रोज दाबायला लावता. माझी कात्री मिटती. उघडत न्हाय. बघा." कात्री मिटली आणि उघडताना अंगठा लटपटत थांबला. इतक्या दिवसांत 'कात्री चालवून दाखवा' असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. लाज वाटली. बोटांभोवती रबरबँड अडकवून अंगठा बाहेर ताणायचा व्यायाम त्याच दिवशी सुरू केला.

दोन महिन्यांनी त्यांनी मला दुकानात बोलावलं. नातीच्या कुर्त्याचं कापड टेबलावर पसरलं होतं. निम्म्यावर आल्यावर कात्री अडली. सून पुढे झाली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं, अंगठा मोकळा केला, दम घेतला आणि पार कडेपर्यंत कापत गेले. "जाड कापड आता तू काप," ते सुनेला म्हणाले. "पातळ माझं."

गेल्या वर्षी ते लेकीकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला क्लिनिकवर आले. बाहेर जवळच्या वळसंग गावच्या एक बाई बसल्या होत्या. अंगठा दुखतो, भाकरी करता येत नाही, अशी त्यांची तक्रार. मी आतलं काम आटोपून आले, तर बाई हवेतच भाकरी थापत होत्या आणि मास्तर वाकून त्यांचा पंजा न्याहाळत होते.

"थापताना दुखतं, का मळताना?"

"मळताना की. पीठ रेटताना हितं बुडाशी कळ येती."

मास्तर माझ्याकडे वळले. "ऐकलं का बेटा? थापताना न्हाय."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते रिक्षात बसले.

त्या बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी घरून परात आणि ज्वारीचं पीठ आणून ठेवलं होतं. म्हटलं, "मावशी, आधी मळून दाखवा."